जुनी गाडी, घरचं गॅरेज: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं दोनच घराण्यांची आहेत: मद्रासची बुलेट आणि म्हैसूरची जावा-येझदी. बुलेट १९५५ पासून मद्रासला जोडली जाऊ लागली. जावा १९६१ मध्ये म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून बाहेर पडली आणि तिचीच पुढची येझदी १९९६ मध्ये तो कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली. म्हणजे एकीचे पार्ट अजून ताजे बनतात, दुसरीचे शोधावे लागतात. तरी दोन्हीकडच्या पत्रांत एक चूक सारखी दिसते: पार्ट आधी घेतला, माप नंतर काढलं. म्हणून उत्तरांत मापं जरा जास्तच आली आहेत.

प्रश्न: घरची १९७४ ची बुलेट ३५० पंधरा वर्षं गोठ्यात उभी होती. किक खालीच जात नाही. घरी उघडायची आहे, सुरुवात कुठून करू? (एक वाचक, तासगाव)

उत्तर: किकवर उभं राहणं आधी थांबवा. पिस्टनच्या रिंगा ब्लॉकला (सिलिंडरला) गंजून बसलेल्या असतात. वजन टाकून किक मारली की रिंग तुटते, पिस्टनचा रिंगेखालचा कठडा उडतो किंवा किकच्या रॅचेटचे दात जातात. प्लग काढा, त्या भोकातून अर्धं डिझेल आणि अर्धं गिअरचं पातळ तेल असं ५० मि.ली. मिश्रण सोडा आणि चार-पाच दिवस जाऊ द्या. रोज थोडं वाढवत राहा. तोवर खालचं जुनं तेल काढून टाका, कारण इतक्या वर्षांत तळाला पाणी साचलेलं असतं आणि इंजिन फिरलं की ते पंपात जातं. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. चाकाच्या त्रिज्येमुळे जोर पुरेसा मिळतो, पण झटका बसत नाही. तरीही हललं नाही तर हेड काढा आणि पिस्टनच्या कडेकडेने लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. मध्यभागी लोखंडी हातोडी मारली तर पिस्टनला खड्डा पडतो.

उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: केबल कुठून जाते, वॉशर कुठल्या बाजूला आहे, वायरचा रंग कुठे जुळतो. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, चिठ्ठीसह. सगळे एका डब्यात टाकले की जोडताना दुप्पट वेळ जातो.

आता पान्ह्यांचं. तुमच्या गाडीवर ब्रिटिश आटे आहेत आणि त्यांच्या पान्ह्याचा नंबर हा बोल्टच्या जाडीवरून असतो, डोक्याच्या रुंदीवरून नाही. १/४ व्हिटवर्थ (जुनं ब्रिटिश माप) पान्ह्याचं तोंड १३.३ मि.मी.चं आहे. १३ नंबरचा पान्हा त्यात बसत नाही आणि १४ नंबरचा सैल पडून कोपरे गोल करतो. तसंच ५/१६ म्हणजे १५.२ मि.मी. आणि ३/१६ म्हणजे ११.३ मि.मी. या तीन मापांचे पान्हे विकत घ्या, त्यात काटकसर नको. आट्यांचंही तेच. ५/१६ बीएसएफ (ब्रिटिश बारीक आट्याच्या) बोल्टची जाडी ७.९४ मि.मी. आणि इंचात २२ आटे, म्हणजे अंतर १.१५ मि.मी. एम ८ (८ मि.मी. मेट्रिक) बोल्टचं अंतर १.२५ मि.मी. आहे. बीएसएफच्या भोकात पहिले दोन-तीन आटे तो गोडीने जातो, पुढे पान्ह्याने दाबला की ॲल्युमिनिअमच्या केसमधले आटे घेऊन बाहेर येतो. बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला नाही तर तो त्या जागेचा नाही.

टायमिंगच्या बाजूला क्रँकच्या टोकावर ऑइल पंप फिरवणारा वर्म नट आहे. त्याचे आटे उलटे आहेत, म्हणजे सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. याची माहिती नसली की माणूस लांब पाइप लावतो आणि क्रँकचं टोक खराब होतं.

ब्लॉक काढल्यावर कनेक्टिंग रॉड सर्वांत वर आणून हाताने सरळ वर-खाली ओढा. आडवं हलणं ठीक आहे, पण वर-खाली ‘टक’ असं लागलं तर बिग एंडचा (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचा) फ्लोटिंग बुश गेला. हे काम घरचं नाही. क्रँक उघडून पुन्हा दाबणाऱ्या आणि सेंटरमध्ये धरून डायल गेजवर दाखवणाऱ्या लेथवाल्याकडेच द्या. दोन्ही शाफ्टचं डगमगणं ०.०५ मि.मी.च्या आत हवं आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर मोजलेलं हवं.

ब्लॉकचं माप वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी घ्या. सहा आकडे लिहून ठेवा. सर्वांत जास्त झीज वरच्या कडेपासून १०-१५ मि.मी. खाली, पुढच्या-मागच्या बाजूला दिसते. मूळ व्यास ७० मि.मी., स्ट्रोक ९०. फरक ०.१५ मि.मी.च्या वर गेला असेल तर रिबोअर करा, म्हणजे ब्लॉक आतून मोठ्या मापाला कापून घ्या. पण आधी पिस्टन घ्या, मग बोअर करा. बाजारात ०.२५ ने वाढत जाणारे पिस्टन आहेत, मात्र डब्यावरचा आकडा आणि आतला पिस्टन मायक्रोमीटरखाली जुळतीलच असं नाही. पिस्टन लेथवाल्याच्या हातात देऊन ‘याच्या स्कर्टपेक्षा (पिस्टनच्या खालच्या भागापेक्षा) इतकं मोठं कर’ असं सांगायचं. फट किती, ते डब्यावर छापलेलं असेल तर तेच पाळा. नसेल तर ओतीव लोखंडी ब्लॉकसाठी व्यासाच्या दर २५ मि.मी.ला ०.०२५ मि.मी. हा किमान हिशोब, म्हणजे इथे ०.०७. त्याहून घट्ट नको. रिंग एकटी ब्लॉकमध्ये घालून पिस्टनने सरळ खाली ढकला आणि टोकांतली फट मोजा: ०.२८ ते ०.३५ मि.मी. कमी असेल तर बारीक कानशीने घासा.

जोडताना एक लहान गोष्ट विसरली तर ही सगळी मेहनत पहिल्या ५० किलोमीटरमध्ये वाया जाते. टायमिंग कव्हरच्या आत, क्रँकच्या टोकाला तेल पोहोचतं त्या जागी कॉर्कचं छोटं सील असतं. ते वाळलेलं, फुटलेलं किंवा गायब असेल तर तेल बिग एंडला न जाता कव्हरमध्येच सांडतं. ते नवं घाला, फिल्टरची जागा तेलाने भरून मगच कव्हर लावा. गाडी सुरू झाल्यावर हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या पाइपचा वरचा बोल्ट अर्धा आटा सैल करा. मिनिटाभरात तिथे तेल पाझरलं नाही तर लगेच बंद करा.

प्रश्न: पार्ट कुठे शोधायचे? दुकानदार ‘बसतो, घ्या’ म्हणतात आणि घरी आल्यावर बसत नाही. नवा लोकल पार्ट बरा की जुना कंपनीचा? (एक वाचक, पुणे)

उत्तर: दोन्ही प्रश्नांचं उत्तर पार्टागणिक बदलतं, म्हणून जरा विस्ताराने.

घिसाड्याच्या किंवा भंगाराच्या ढिगातला कंपनीचा जुना पार्ट तिथे घ्यावा जिथे धातूचा दर्जा महत्त्वाचा आहे आणि झीज डोळ्यांना दिसते: गिअर, क्रँकचे हाफ, कॅम, हब, ब्रेक ड्रम, कार्ब्युरेटरची बॉडी, हँडलचे क्लॅम्प, टूल बॉक्स. गिअरच्या दातांच्या कोपऱ्यांवर नजर टाका. कोपरे गोलावले असतील तर गिअर सुटत राहणार. लोकल गिअर दिसायला लखलखीत असतो, पण त्याला दिलेलं पाणी वरवरचं असलं तर काही महिन्यांत दातांवर खड्डे पडतात. कानशीचं टोक दाताच्या बाजूवर हलकं फिरवून बघा: चांगल्या गिअरवरून कानस घसरते, मऊवर ओरखडा उमटतो.

नवाच घ्यावा असा माल म्हणजे रबर, सील, पॅकिंग, केबल, क्लच प्लेट, ब्रेक लायनर, चेन, पॉइंट, कंडेन्सर. यातलं जुनं, न वापरलेलं कंपनीचं पाकीट कितीही मोहात पाडणारं असलं तरी तीस वर्षांचं रबर कडकच झालेलं असतं. कंडेन्सर तर पडून पडूनच मरतो.

बेअरिंग ‘बुलेटचं’ किंवा ‘येझदीचं’ म्हणून मागूच नका. त्याच्या रिंगेवर नंबर कोरलेला असतो आणि त्या नंबरचं बेअरिंग कुठल्याही चांगल्या औद्योगिक दुकानात, चांगल्या कंपनीचं आणि बऱ्याचदा स्वस्तात मिळतं. ६२०४ म्हणजे आत २०, बाहेर ४७, जाडी १४ मि.मी. ६३०४ म्हणजे २०, ५२, १५. ६२०५ म्हणजे २५, ५२, १५. ६३०५ म्हणजे २५, ६२, १७. क्रँकसाठी नंबरापुढे सी ३ लिहिलेलं मागा. त्यात आतली फट जास्त ठेवलेली असते. क्रँकवर दाबून बसवल्यावर आणि इंजिन तापल्यावर साधं बेअरिंग घट्ट होऊन गरगरतं आणि गरम होतं. चाकांसाठी दोन्ही बाजूंनी रबर झाकण असलेलं घ्या, ग्रीस टिकतं. ऑइल सीलही तसंच: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी हे तीन आकडे सीलच्या तोंडावर असतात. पुसट झाले असतील तर व्हर्नियरने शाफ्ट आणि घर मोजा, सील मोजू नका. जुनं सील आक्रसलेलं असतं.

पिस्टनसाठी व्यास हे शेवटचं माप आहे. आधी पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, पिनचा व्यास, स्कर्टची लांबी, आणि टू-स्ट्रोक (जावा-येझदीसारखी) असेल तर रिंगेच्या खिळ्यांची जागा व स्कर्टच्या खिडक्या जुळवा. उंची दीड मि.मी.ने जास्त असलेला पिस्टन हातात सारखाच दिसतो, आणि बसवल्यावर हेडला लागतो.

जागा: पुण्यात नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याचं भंगार मार्केट. ब्लॉक, हेड, बुश, शाफ्ट यांची दुरुस्ती करायची तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन एका दिवसात जे होतं ते इतरत्र आठवडाभर होत नाही. राज्याबाहेर बुलेटसाठी दिल्लीचं करोल बाग, जुन्या मालासाठी चेन्नईचं पुदुपेट. जावा-येझदीचा माल म्हैसूर-बंगळूरकडे जास्त टिकून आहे. कुठेही जा, जुना पार्ट सोबत न्या. फोटो पुरत नाही. कुरियरने मागवायचं असेल तर विकणाऱ्याकडून व्हर्नियर लावलेला फोटो मागा.

आमचं ठाम मत एक आहे: मूळ पार्ट दुरुस्त होत असेल तर तोच ठेवा. झिजलेल्या शाफ्टला बुश घालता येतो, फुटलेल्या फिन्सना आर्गन वेल्डिंग होतं, पत्र्याचा जाड जुना मडगार्ड ठोकून सरळ होतो. नवा लोकल मडगार्ड पातळ असतो, त्याची भोकं दोन-तीन मि.मी. इकडे-तिकडे असतात आणि एकदा त्यांच्यासाठी चॅसीच्या लगला कानस लावली की मूळ मडगार्ड पुन्हा नीट बसत नाही. काढलेला कुठलाही पार्ट गाडी पूर्ण होऊन हजार किलोमीटर चालेपर्यंत भंगारात देऊ नका.

प्रश्न: बुलेट किक उलटी मारते. पाय सुजला. पॉइंट नवे आहेत. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: स्पार्क फार लवकर पडतो आहे. नवे पॉइंट (स्पार्क पाडणारा छोटा स्विच) घातले की फट बदलते, आणि फट बदलली की टायमिंगही (स्पार्क पडण्याची वेळ) सरकतं. हा क्रम बहुतेक जण उलटा करतात. आधी पॉइंट पूर्ण उघडे असताना ०.३५ ते ०.४० मि.मी. फट लावा. मग टायमिंग: ३५० बुलेटला पिस्टन सर्वांत वरच्या जागेच्या ०.८ मि.मी. आधी असताना पॉइंट उघडायला सुरुवात झाली पाहिजे, आणि तेही ॲडव्हान्स युनिट पूर्ण मागे असताना.

प्लगचं भोक तिरकं आहे, त्यामुळे त्यातून सळी घालून घेतलेलं माप थोडं चुकतं. हेड उघडंच असेल तर आत्ताच पिस्टनवर डेप्थ व्हर्नियर ठेवून टायमिंग लावून टाका, फार सोपं जातं. उघडण्याचा क्षण ओळखायला पॉइंटमध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी धरा. पट्टी हलक्या ओढीने सुटली की पॉइंट उघडले.

इतकं करूनही झटका बसत असेल तर ॲडव्हान्स युनिटची (वेगानुसार स्पार्क पुढे-मागे करणारा भाग) छोटी वजनं पुढे अडकलेली असतील. वाळलेलं ग्रीस किंवा सैल पडलेली स्प्रिंग, हीच दोन कारणं. कॅम बोटाने फिरवून सोडा, तो स्वतःहून झटकन मागे आला पाहिजे. रॉकेलने धुऊन एक थेंब मशीनचं तेल द्या.

किकची पद्धतही नीट हवी. चावी लावून हळू किक दाबत ॲमीटरचा काटा मध्यावर आणा, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) ओढून पिस्टन किंचित पुढे काढा, डिकॉम्प्रेसर सोडा, किक वर आणा आणि मग एकच पूर्ण किक. मध्येच पाय काढू नका.

टॅपेटचंही (व्हॉल्वच्या फटीचंही) बघून घ्या. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनला वर: दोन्ही पुशरॉड बोटांनी मोकळे फिरावेत पण वर-खाली हलू नयेत. एवढंच माप आहे, फीलर गेज नको.

प्रश्न: गाडी पूर्ण उघडून रंगाला द्यायची आहे. कागदपत्रांच्या दृष्टीने काय सांभाळू? ‘व्हिंटेज’ नोंदणी घ्यावी का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: रंगाआधी चॅसी नंबर आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा घ्या, आर.सी. बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. पावडर कोटिंगला देताना नंबरच्या जागेवर उष्णता सहन करणारी टेप लावायला सांगा. सँड ब्लास्टिंगचा झोत तिथे पडला किंवा जाड थर बसला तर आर.टी.ओ.त नंबर वाचता येत नाही, आणि पुन्हा ठोकून घेतलेल्या नंबरावर संशय येणारच. दुसऱ्या गाडीचं केस घालणार असाल तर त्याचे कागद आधी, केस नंतर.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे ५,००० रुपये. नंबरात ‘व्हीए’ येतं. पण अशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तुमच्या गाडीचं मूळ आर.सी. शाबूत असेल तर साधं नूतनीकरण करून ती चालवत राहणंच आम्हाला योग्य वाटतं.

प्रश्न: येझदी पांढरट निळा धूर सोडते आणि गिअर ऑइल दर पंधरा दिवसांनी कमी होतं. खाली ठिपका मात्र नाही. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: तेल इंजिन पितं आहे. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर गेला की क्रँककेसमध्ये ओढ तयार होते. डाव्या बाजूचं, प्रायमरी चेनकडचं क्रँक सील कडक झालं की ती ओढ पेट्रोलबरोबर गिअरचं तेलही आत घेते. प्लग ओला, काळा आणि जळक्या गिअर ऑइलचा वास असलेला दिसेल.

उजवं सील डायनमोच्या मागे आहे. ते गेलं तर धूर येत नाही. तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी न्यूट्रलला स्वतःहून चढते आणि थ्रॉटल सोडल्यावर रेस उतरायला वेळ लागतो. हे दुसरं लक्षण जास्त धोक्याचं, कारण पातळ मिश्रणाने पिस्टन धरतो, म्हणजे तापून ब्लॉकमध्ये अडकतो. म्हणून एक सील बदलताना दुसरंही बदला.

खात्री करायची असेल तर दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट आणि कार्ब्युरेटरची बाजू रबराच्या तुकड्यांनी बंद करा, प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपाने ५-६ पीएसआय हवा भरा. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी लावून ती शोधा. याहून जास्त दाब देऊ नका, चांगलं सीलसुद्धा उलटतं.

नवं सील बसवताना स्प्रिंग दिसणारी बाजू क्रँककेसकडे. शाफ्टवर सीलने पाडलेली खाच नखाला लागत असेल तर सील एक-दीड मि.मी. आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे ओठ ताज्या जागेवर येतो. बेअरिंगला तेल जाण्याचं भोक त्याने झाकलं जात नाही ना, तेवढं पाहा.

प्रश्न: जावाचं रिबोअर करून नवा पिस्टन टाकला. तीस किलोमीटरवर पिस्टन धरला. मेकॅनिक म्हणतो ऑइल कमी पडलं. ४० मि.ली. प्रति लीटर टाकत होतो. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: एक लीटरला ४० मि.ली. म्हणजे १:२५. रनिंगसाठी ते पुरेसं आहे, तेलाला दोष देऊ नका. पिस्टन बाहेर काढून ओरखडे कुठे आहेत ते बघा, कारण तिथेच लिहिलेलं असतं.

पिनच्या दोन्ही बाजूंना, चार कोपऱ्यांवर ओरखडे असतील तर फट कमी ठेवली गेली. ६५ मि.मी. व्यासाला किमान ०.०६५ हवी. फक्त पुढच्या, एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिश्रण पातळ किंवा टायमिंग पुढे. वर सांगितलेलं उजवं सील, कार्ब्युरेटरचं पॅकिंग आणि जेट तपासा. एका रेषेत, पोर्टच्या कडेवरच खरवड असेल तर रिबोअरनंतर पोर्टच्या कडा मोडलेल्या नाहीत. हे सर्रास घडतं. बोअरिंगच्या हत्याराने पोर्टची कड ब्लेडसारखी धारदार होते आणि रिंग तिच्यावर आपटते. बारीक कानशीने किंवा तेल दगडाने पोर्टच्या वरच्या-खालच्या कडा सुमारे अर्धा मि.मी. तिरक्या करा, मगच होनिंग (ब्लॉक दगडाने आतून बारीक घासणं). पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे आहे ना, आणि रिंगेची टोकं खिळ्यावर नीट बसली आहेत ना, हेही पाहा. उलटा बसवलेला पिस्टन रिंगेचं टोक पोर्टमध्ये नेतो.

ब्लॉक बहुधा वाचेल. त्याला चिकटलेलं ॲल्युमिनिअम काढायला कॉस्टिक सोड्याचं पाणी कापसाने फक्त त्या डागावर लावा. ते ॲल्युमिनिअम खातं, ओतीव लोखंडाला काही करत नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच, मोकळ्या हवेत काम करा. फेस थांबला की भरपूर पाण्याने धुऊन लगेच तेल लावा. मग पुन्हा मापं. ओरखडा नखाला लागत नसेल तर होनिंग पुरेल.

पहिले ५०० किलोमीटर सलग एकाच वेगाने चालवू नका. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गिअरमध्ये उतरणं विशेष टाळा, कारण टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं. थ्रॉटल बंद म्हणजे तेलही बंद.

प्रश्न: टाकी आतून गंजली आहे. समुद्राची हवा. ॲसिड टाकू का? आणि आताचं पेट्रोल जुन्या गाडीला चालतं का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: संडास धुण्याचं ॲसिड नको, ते चांगला पत्राही खातं आणि धुतल्यावर तासाभरात पुन्हा लाल गंज आणतं. किराणा दुकानातलं लिंबूसत्व घ्या. कोमट पाण्यात लीटरला १०० ग्रॅम. कॉक आणि झाकण काढून भोकं रबरी बुचांनी बंद करा, टाकी काठोकाठ भरा, १२ ते २४ तास ठेवा. आधी मूठभर छोटे नट घालून हलवलं तर सुटे पापुद्रे निघतात. नट मोजून घाला, मोजून काढा. नंतर पाणी, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग पुन्हा स्वच्छ पाणी. लगेच गरम हवेच्या झोताने वाळवा आणि २०० मि.ली. टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल घालून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा. वाळवण्यात अर्धा तास गेला तरी गंज परत येतो. भोक सापडलं तर ब्रेझिंगच्या आधी टाकी साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुवा आणि ज्योत लावताना भोकाच्या पातळीपर्यंत पाण्याने भरलेली ठेवा. पेट्रोलच्या वाफेची टाकी म्हणजे स्फोट.

पंपावर आता ई २० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. त्याने जुनी रबरी नळी आतून मऊ पडते, कॉर्कचा कॉक कधी फुगतो कधी आक्रसतो, आणि हवेतलं पाणी शोषून ते तळाला जमतं. नळी आणि सील व्हायटॉनची (इथेनॉल सोसणाऱ्या रबराची) घाला. काही इपॉक्सी अस्तरं इथेनॉलमध्ये सुटून पापुद्र्यांनी जेट बंद करतात, म्हणून डब्यावर इथेनॉल चालतं असं लिहिलेलंच अस्तर वापरा. इथेनॉलमुळे मिश्रणही पातळ होतं. मेन जेट एक पायरी मोठा करा, सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, मग प्लगचा रंग बघा. बिस्किटासारखा तपकिरी हवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटची वाटी रिकामी करा.

प्रश्न: इथे पन्नाशीच्या दशकातली रेडिचची (इंग्लंडमधल्या मूळ कारखान्याची) बुलेट घेतली आहे. भारतातून पार्ट मागवले तर बसतील? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर: बरेच बसतील, कारण मद्रासची बुलेट त्याच काळच्या रेडिचच्या आराखड्यावर उभी आहे आणि ३५० चं ७० बाय ९० हे मापही तेच. अडचण आट्यांची येते. भारतात पुढे अनेक जागी मेट्रिक आटे आले, त्यामुळे हब, स्टड, ॲक्सल किंवा केबलचे ॲडजस्टर मागवताना ‘जुन्या आट्याचा’ असं लिहून द्या आणि थ्रेड गेजचा फोटो मागा. पुशरॉड, व्हॉल्व, गाइड, पॅकिंग यांत सहसा त्रास होत नाही. इलेक्ट्रिकचा माल तिकडचाच घ्या.

प्रश्न: पावडर कोटिंग करून गाडी जोडली. ६ व्होल्टची १२ केली. आता दिवा मंद, हॉर्न घोगरा, इंडिकेटर लावला की हेडलाइट लुकलुकतो. वायरिंग नवं आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: अर्थिंग गेलं. जुन्या गाडीत विजेची परतीची वाट म्हणजे चॅसी. पावडरचा थर तिच्यावर प्लॅस्टिकसारखा बसतो आणि प्रत्येक सांध्यावर ती वाट बंद करतो. बॅटरीच्या निगेटिव्हची वायर जिथे चॅसीला लागते तिथला, इंजिन बसतं त्या पट्ट्यांवरचा आणि हेडलाइटच्या कवचाखालचा थर वॉशरएवढ्या गोलात खरवडून चकचकीत धातू उघडा करा. दातेरी वॉशर लावा, घट्ट करा, वर व्हॅसलिन. त्याहून चांगलं म्हणजे बॅटरी, इंजिन, हेडलाइट आणि मागचा दिवा यांना जोडणारी २.५ चौ.मि.मी.ची स्वतंत्र अर्थ वायर टाका. पुढे स्टिअरिंगच्या गोळ्यांतून वीज जाण्यावर भरवसा ठेवावा लागत नाही, आणि गोळ्यांवर काळे डागही पडत नाहीत.

तपासणी मल्टिमीटरने: दिवे चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं हेडलाइटच्या अर्थवर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर त्या वाटेत अडथळा आहे. टोक एकेक सांधा मागे आणत गेलात की नेमका कुठला सांधा ते कळतं.

६ ची १२ करताना बल्ब, हॉर्न, फ्लॅशर, इग्निशन कॉइल, बॅटरी आणि रेग्युलेटर-रेक्टिफायर सगळं १२ चं हवं. अर्थिंग नीट केल्यावरही हॉर्न घोगराच राहिला तर तो ६ चाच असेल, वरचा नंबर वाचून खात्री करा. ३५ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर जवळपास ६ ॲम्पिअर ओढतो, १२ वर ३. त्यामुळे जुना फ्यूज आता गरजेपेक्षा मोठा पडतो, तोही छोटा करा. शेवटी इंजिन मध्यम रेसवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजा: १३.८ ते १४.४ दाखवलं तर चार्जिंग बरोबर आहे. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटरचं अर्थिंग पावडरवर बसलेलं असण्याची शक्यता सर्वांत जास्त, तेच आधी खरवडा.